पूर्व आफ्रिकी समुदाय (१९६७–७७) : लाभाची असमान वाटणी

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची सामाईक बाजारपेठ ब्रिटिश अमदानीतच उभी राहिली होती. आपसांतल्या मालावर जकात नाही, बाहेरच्या मालावर तिघांची एकच जकात. रेल्वे, बंदरे, टपाल आणि चलनही सामाईक. देश स्वतंत्र झाल्यावर मात्र या व्यवस्थेचा फायदा कोणाला होतो, हा प्रश्न पुढे आला.

कारखानदारी नैरोबीच्या आसपास आधी रुजली होती. गोऱ्या वसाहतवाल्यांची मोठी वस्ती केनियात होती, मोंबासा बंदर आणि तिथून निघणारा लोहमार्ग होता, सामाईक सेवांची बरीच कार्यालयेही तिथेच. साहजिकच नवा कारखानदारही तिकडेच वळे. टांझानियाला याचा फटका दोन बाजूंनी बसला. जकातीमुळे परदेशी माल महाग पडे, म्हणून ग्राहकाला केनियाचा माल चढ्या दराने घ्यावा लागे. आणि तोच माल बाहेरून आला असता तर तिजोरीत पडली असती ती जकातही बुडे. थोडक्यात, केनियाच्या उद्योगांना दिलेल्या संरक्षणाचा काही खर्च शेजारी उचलत होते.

१९६१ मध्ये रेझमन आयोगाने यावर भरपाईचा तोडगा सुचवला. जकात व अबकारीच्या उत्पन्नातील ६ टक्के आणि कारखानदारी व वित्तव्यवसायातील कंपन्यांच्या प्राप्तिकरातील ४० टक्के रक्कम एका निधीत जमा करायची. त्यातील निम्मी सामाईक सेवांना आणि निम्मी तिघांना सारखी वाटायची. यातून पैसा मिळाला, पण कारखाने होते तिथेच राहिले. उद्योगच वाटून घेण्याचा १९६४ चा कंपाला करार केनियाने कायम केला नाही. १९६६ मध्ये तिन्ही देशांची चलने वेगळी झाली.

पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन करणाऱ्या जून १९६७ च्या करारात दोन उपाय आले. कारखानी मालाच्या आपसांतल्या व्यापारात ज्याची तूट असेल, त्याला शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित ‘हस्तांतरण कर’ बसवण्याची मुभा मिळाली. दुसरा उपाय विकास बँकेचा. तिचे भांडवल तिघांनी सारखे घालायचे. गुंतवणूक मात्र टांझानिया व युगांडात प्रत्येकी ३८.७५ टक्के आणि केनियात २२.५ टक्के. सचिवालय टांझानियातील अरुशाला गेले, बंदरांचा कारभार त्याच देशातल्या दार-एस-सलामला, टपाल व बँक युगांडातील कंपालाला. कार्यालये हलवणे त्या मानाने सोपे होते. हस्तांतरण कराचा मात्र उलटा परिणाम झाला : त्याच्या आडोशाने जो तो आपापले छोटे कारखाने काढू लागला. टायरचा कारखाना नैरोबीतही निघाला आणि अरुशातही; मग सामाईक बाजारपेठेला अर्थ काय उरला?

राजकारणाने उरलेसुरलेही मोडले. टांझानियाने समाजवादाची वाट धरली होती, केनियाने खाजगी भांडवलाची. १९७१ मध्ये इदी अमीनने युगांडाची सत्ता बळकावल्यावर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याच्यासोबत बैठकीला बसेनात. १९७७ च्या सुरुवातीला सामाईक विमान कंपनी बंद पडली, फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली आणि त्याच वर्षी समुदाय मोडला. सीमा १९८३ मध्ये उघडली. मालमत्तेच्या वाटणीचा करार १९८४ मध्ये झाला.

१९९९ च्या करारानुसार समुदाय पुन्हा उभा राहिला आणि २००५ पासून जकात संघ लागू झाला. या वेळी असमानता सुरुवातीलाच धरून चालले : युगांडा व टांझानियाचा माल केनियात लगेच जकातमुक्त झाला, पण केनियाच्या काही मालावर त्या देशांत जकात चालू राहिली आणि ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायची होती.