बीट पल्प (साखरबीटाचा चोथा)

बीट पल्प म्हणजे साखर काढून झाल्यावर उरलेला साखरबीटाचा चोथा, युरोप-अमेरिकेत घोड्यांना आणि दुभत्या गायींना खुराक म्हणून देतात तो. नाव ऐकलं की आपल्याला कोशिंबिरीतलं लाल बीट आठवतं पण हे ते नाही, प्रजाती एकच (बीटा व्हल्गॅरिस) तरी साखरबीट पांढरं, निमुळतं आणि 15 ते 20 टक्के साखरेचं. त्यात साखर आहे हे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये 1747 ला दाखवलं, त्याचा शिष्य आखार्डने सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) 1802 मध्ये कारखाना चालू केला, पुढे नेपोलियनच्या काळात बाहेरून साखर येणं अडलं तेव्हा फ्रान्सने लागवड वाढवली. कारखाने आले तसा चोथ्याचा ढीगही आला, तो जनावरांपुढे गेला.

आपल्याकडे उसाचा चोथा बॉयलरमध्ये जळतो कारण तो लाकडासारखा चिवट. बीटाचा चोथा मऊ, पेक्टिन (फळांतही असणारा, विरघळणारा तंतू) भरपूर, घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू तो सहज आंबवतात आणि त्यातून ताकद मिळते. ताकद जवळपास ओट्सच्या चंदीइतकी पण स्टार्च नगण्य, म्हणून घोडा उगाच भडकत नाही. दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्याला वैरण चावता येत नाही तेव्हा भिजवलेला पल्प म्हणजे वरदानच. कॅल्शियम जास्त, फॉस्फरस फार कमी, त्यामुळे नुसत्या पल्पवर भागत नाही, गव्हाचा कोंडा याच्या बरोबर उलटा असल्याने जोडी चांगली जमते. बरेचदा कारखाने चव यावी म्हणून मळी (मोलॅसिस, साखर काढल्यावर उरलेला गोड काळा पाक) मिसळतात, खुरांच्या सुजेचा (लॅमिनायटिस) त्रास असलेल्या घोड्याला बिनमळीचाच घ्यावा.

भिजवणं महत्त्वाचं. कडक गोळ्या असतील तर भरपूर पाण्यात रात्रभर, कीस असेल तर कमी वेळ चालतो. कोरडा पल्प खाऊन घोड्याचं पोट फुटतं असं सांगतात ती अफवाच, खरा धोका अन्ननलिकेत घास अडकण्याचा. मग नाकपुड्यांतून लाळ आणि अन्न येतं, श्वास चालू असतो, पण घोड्याला उलटी करता येत नाही म्हणून डॉक्टरला लगेच बोलवावं. आणि उन्हाळ्यात भिजवलेलं काही तासांत आंबतं, तोबरा भरायच्या आधी वास घ्या, आंबूस आला तर फेका.

गायींचं एवढं नाजूक नसतं. ओला चोथा मुरघास करूनही (हवाबंद साठवून, आंबवून) देतात. अख्खं चाऱ्याचं बीट (न्यूझीलंडमध्ये गायी थेट शेतात चरतात) मात्र हळूहळू वाढवत द्यावं लागतं, एकदम दिलं तर साखरेने पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. बीटाच्या पाल्यात ऑक्झॅलेट (कॅल्शियम बांधून ठेवणारा घटक) असतं, तो सुकवून देतात. आपल्याकडे साखरबीटाच्या लागवडीचे प्रयोग झाले पण उसापुढे ते रुजलं नाही, तरी ऑक्झॅलेटची भानगड आपल्या शेतकऱ्याला नवी नाही, उसाच्या वाढ्यांतही (शेंड्याच्या हिरव्या पाल्यात) तेच असतं म्हणून तर वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात.