अंतराळगाथेतील खलपात्र : बेळगाव सीमाभागातील राक्षस-परंपरेच्या संदर्भात

अंतराळगाथेतील खलपात्र : ग्रहाग्रहांवरची साम्राज्ये, त्यांची युद्धे आणि घराण्यांची वैरे यांवर रचलेल्या विज्ञानरम्य कथामालेतील नायकाचा प्रमुख विरोधक. प्रस्तुत नोंदीत १९७७ पासूनच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेतील खलपात्रे मुख्यत्वे विचारात घेतली असून, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी प्रेक्षकावर झालेल्या नाट्यसंस्कारांशी ती ताडून पाहिली आहेत. दोहोंचा ऐतिहासिक संबंध नाही. साम्य आहे ते खलपात्र प्रेक्षकांपुढे आणण्याच्या रीतीत.

या पात्रप्रकाराचा जवळचा पूर्वज म्हणजे १९३४ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रकथेतील मिंग हा सम्राट. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना मुळात त्याच कथेवर चित्रपट करायचा होता. हक्क न मिळाल्याने त्यांनी स्वतंत्र कथा रचली.

डार्थ व्हेडर : पहिल्या चित्रपटात साम्राज्याच्या बाजूने लढणारे हे पात्र बारा मिनिटांच्या आसपासच पडद्यावर असते आणि अधिकाराने टार्किन या सेनाधिकाऱ्याच्या हाताखालचे असते. तरीही लक्षात राहतो तो व्हेडरच. पांढऱ्याशुभ्र बोळातून, धुरामागून येणारी त्याची काळी आकृती हे त्याचे पहिले दर्शन. ते बहुधा त्याच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण असावे. चित्रकार राल्फ मॅक्वारी यांनी मुखवटा सुचवला तो व्यावहारिक गरजेपोटी : आरंभीच्या संहितेप्रमाणे व्हेडरला एका यानातून दुसऱ्यात निर्वात पोकळीतून जायचे होते, तेव्हा श्वासाची सोय हवी होती. पुढे तो प्रसंग बाजूला पडला, मुखवटा मात्र राहिला. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्राचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याला श्वास दिला. देह डेव्हिड प्राउझ यांचा, वाणी जेम्स अर्ल जोन्स यांची. शिरस्त्राणाच्या घडणीत जपानी सामुराईचा वाटा किती आणि जर्मन सैनिकी टोपाचा किती, याबद्दल मतभेद आहेत. दोन्ही छटा त्यात दिसतात, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल.

व्हेडर हा नायकाचा पिता असल्याची कल्पना केव्हाची, हा प्रश्न अधिक वादाचा आहे. ती आरंभापासूनच मनात होती असे ल्यूकस यांनी नंतरच्या काळात सूचित केले. उपलब्ध मसुदे मात्र वेगळे सांगतात. दुसऱ्या चित्रपटासाठी ली ब्रॅकेट यांनी १९७८ च्या आरंभी लिहिलेल्या मसुद्यात नायकाचा मृत पिता स्वतंत्र व्यक्ती म्हणून, आत्मरूपाने, अवतरतो. ब्रॅकेट यांचे त्याच वर्षी मार्चमध्ये निधन झाले आणि त्यानंतर ल्यूकस यांनी स्वतः लिहिलेल्या मसुद्यात पितृत्वाचा उलगडा प्रथम आढळतो. त्यामुळे ही कल्पना १९७८ मधील मानणारा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. १९८० च्या चित्रपटात हा उलगडा झाल्यावर पात्राचे आकर्षण बदलले. भयाला दयेची जोड मिळाली आणि १९८३ मध्ये पुत्रासाठी प्राण देऊन ते वर्तुळ पुरे झाले. तथापि, पहिला प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध झाला तेव्हा यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते, ही गोष्ट व्हेडरची थोरवी केवळ पश्चात्तापात शोधणारे समीक्षक विसरतात.

सीमाभागातील पूर्वसंस्कार : काळ्या बुरख्यातला आणि प्रेक्षकांचा लाडका खल हा या मुलखाला नवा नाही. आंबोली व चोर्ला या घाटांनी बेळगावशी जोडलेल्या तळकोकण-गोमंतकातील दशावतारात संकासुर हे पात्र येते. काळा वेश, काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी तांबडी जीभ. तो वेद पळवतो, विष्णूच्या हातून मरतो, पण मरण्यापूर्वी बोलीभाषेत अशा कोट्या करतो की हशा देवाला नव्हे, त्यालाच मिळतो. बेळगाव-धारवाडकडच्या कानडी दोड्डाटातील (पौराणिक लोकनाट्यातील) राक्षस याच्या उलट गंभीर असतो : भुजकीर्ती (खांद्यांवरचे अलंकार), भरजरी मुकुट, पाय आपटीत केलेले नृत्य आणि चढ्या पट्टीतले गद्य. सीमाभागातील दुभाषी प्रेक्षकाला भाषा थोडी इकडेतिकडे झाली तरी राक्षस आल्याचे कळायला अडचण पडत नाही.

मराठी पौराणिक नाटकातील राक्षस कुठून आला, हा मराठी नाट्येतिहासातील जुना वाद आहे. यक्षगान हे कानडी नृत्यनाट्य करणारी उत्तर कानडा भागातील भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशी नाटके सुधारून रचण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. तिच्या आधारे काही अभ्यासक भाव्यांचा राक्षस यक्षगानातील ‘बण्णद वेष’ या रंगवलेल्या राक्षसपात्राचा वंशज मानतात. पडद्याआडून आरोळ्या देत, हळूहळू दर्शन देत होणारा त्याचा प्रवेश या मताला बळ देतो. दुसरा पक्ष दशावतार व लळित (उत्सवाच्या अखेरीस सोंगे आणून होणारा खेळ) यांकडे बोट दाखवतो, तर तिसरा तंजावरच्या मराठी नाटकांकडे. तंजावरची नाटके सांगलीकरांच्या पाहण्यात आल्याचा पुरावा दुबळा आहे. पहिल्या दोन मतांत मात्र निवड करण्याची गरज नसावी. वेश कानडी आणि विनोद कोकणी, असे मिश्रण या भूगोलात स्वाभाविकच होते. राळेच्या भडक्यात ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत येणारा भावेकालीन राक्षस पुढे नवशिक्षितांच्या टवाळीचा विषय झाला. संगीत नाटकाने त्याला जवळजवळ घालवले. ते काम करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘सौभद्रा’त घटोत्कच आहे, पण तो कृष्णाच्या योजनेप्रमाणे सुभद्रेला उचलून नेणारा सोज्ज्वळ मदतनीस म्हणून.

शास्त्रविचार : धनंजयाच्या ‘दशरूपका’त (दहावे शतक, उत्तरार्ध) प्रतिनायक म्हणजे नायकाचा विरोधक हा लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ व उग्र), ताठर, पापी व व्यसनी शत्रू सांगितला आहे. टार्किन या व्याख्येत चपखल बसतो. व्हेडरला ती तोकडी पडते. त्याच्यासाठी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील रौद्ररसाचे विवेचन अधिक उपयोगी आहे, कारण तेथे राक्षस-दानवांचा रौद्र हा स्वभावच मानला असून त्यासाठी वेगळे कारण मागितलेले नाही. १९९९ ते २००५ या काळातील तीन चित्रपटांनी व्हेडरला सविस्तर कारणे पुरवली. अनेक जुन्या चाहत्यांना ती नकोशी वाटली, त्याचे मूळ येथे असू शकेल.

इतर पात्रे : डार्थ मॉल (१९९९) रे पार्क यांच्या चपळ देहबोलीवर आणि लालकाळ्या चेहऱ्यावर उभा आहे, संवाद नाममात्र. रंगवलेल्या राक्षसाला सर्वांत जवळचा तोच. बोबा फेट हा शिरस्त्राणधारी भाडोत्री शिकारी दुसऱ्या चित्रपटात चारच वाक्ये बोलतो. थ्रॉन हा साम्राज्याचा सेनानी टिमोथी झान यांच्या १९९१ मधील कादंबरीतून आला. शत्रूच्या कलाकृती अभ्यासून तो त्याची रणनीती ओळखतो.

सम्राट पॅल्पाटीन (१९८३ पासून नट इयन मॅकडर्मिड) हा मात्र वेगळ्या जातीचा खल. तरुण अ‍ॅनाकिनला, म्हणजे पुढच्या व्हेडरला, तो वडीलधारा स्नेही म्हणून जवळ करतो आणि बुडवतो. या जातीसाठी सीमाभागात पुराणापर्यंत जावे लागत नाही. बैलहोंगलकडे एकोणिसाव्या शतकात घडलेल्या एका खुनावर आधारलेल्या ‘संग्या-बाळ्या’ या कानडी सण्णाटात (सामाजिक विषयावरच्या लोकनाट्यात) मित्र बाळ्याच्या विश्वासघाताने संग्याचा घात होतो. संग्याही निर्दोष नाही, त्याचे परस्त्रीशी संबंध आहेत. तरी लोकांची माया त्याच्यावर आणि राग बाळ्यावर. पॅल्पाटीनबद्दल धाक आणि कौतुक दोन्ही आढळते, बाळ्याच्या वाट्याला कौतुक येत नाही. त्याच्या अंगावर ना मुखवटा, ना भुजकीर्ती. तो गावातल्या चारचौघांच्याच वेशात वावरतो.