आक्षेपार्हच्या उलट म्हणजे स्तुती नव्हे

आक्षेपार्ह शब्दाच्या विरुद्ध टोकाला स्तुतीचाच शब्द असतो, हा समज ‘निंदा–स्तुती’सारख्या जोड्या पाठ करण्यातून रुजला असावा, पण तो चुकीचा आहे.

‘आक्षेपार्ह’ म्हणजे आक्षेप घेण्याजोगे. त्याच्या उलट जे आहे त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नसले की पुरते. त्याने कुणाला गौरवलेच पाहिजे असे नाही. ‘आपला अर्ज मिळाला’ हे वाक्य कुणाला दुखावत नाही आणि कुणाची वाहवाही करत नाही. याउलट ‘तुमच्या वयाच्या मानाने तुम्हाला बरेच समजते’ ही दिसायला स्तुती आहे, तरी ऐकणाऱ्याला ती बोचते, आणि ते बोचणे अगदी रास्त आहे.

हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायातील 15व्या श्लोकात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना ‘अनुद्वेगकर’, म्हणजे मनाला उद्वेग न देणारे, आणि ‘प्रिय’ ही विशेषणे स्वतंत्रपणे आली आहेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन शब्दांची गरजच पडली नसती. संस्कृत व्याकरणही नकारार्थी ‘अ’ किंवा ‘अन्’चे सहा अर्थ मानते, आणि त्यांत अभाव वेगळा व विरोध वेगळा धरला आहे.

म्हणून नुसता अभाव सांगायचा असेल तिथे ‘निरुपद्रवी’, ‘सौम्य’ किंवा सरळ ‘आक्षेपार्ह नसलेले’ असे लिहावे. ‘आदरयुक्त’, ‘गौरवपर’ हे शब्द खरोखर आदर व्यक्त होत असेल तिथेच योजावेत.