सौर कृषी वाहिनी आणि आपली विहिरीवरील मोटार

गावाजवळ सौर प्रकल्प झाला की आपल्या मोटारीला त्याची वीज मिळणार का, आणि त्यासाठी विहिरीवर काही बदलावे लागेल का, ही विचारणा दुकानात येणारे शेतकरी बांधव वरचेवर करतात. म्हणून हे पत्रक काढले आहे.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ अंतर्गत महावितरण शेतीपंपांच्या वाहिन्या (फीडर) सौर विजेवर आणत आहे. प्रकल्पाचे भांडवल विकासक घालतो आणि महावितरण 25 वर्षांच्या कराराने, युनिटमागे साधारण 3 रुपये दराने ती वीज विकत घेते. जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडे असून त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ होते. या योजनेतील राज्यातला पहिला प्रकल्प आपल्या मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला, 2024 मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता 3 मेगावॅट आहे. पाण्याअभावी 2015 मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे लक्षात घेतले तर केवळ पॅनेल धुण्यापुरते पाणी लागणारी ही वीज आपल्या भागासाठी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

प्रकल्पाची वीज जवळच्या उपकेंद्रात जाते आणि तिथून नेहमीच्याच तारांवरून, नेहमीच्याच डीपीतून (रोहित्रातून) आपल्यापर्यंत येते. त्यामुळे मोटार किंवा स्टार्टर बदलण्याची गरज नाही, आणि तसे कोणी सांगून खर्चात पाडत असेल तर कृपया ऐकू नये. आभाळ आले तरी उपकेंद्र मुख्य वीजजाळ्याला जोडलेले असल्याने पुरवठ्याची तूट तिथून भरून निघते. खरा बदल वेळेचा आहे: वीज दिवसा मिळणार असल्याने रात्री-अपरात्री, विंचूकाट्याची भीती बाळगत दारे धरायला जावे लागणार नाही.

मात्र दिवसा सगळ्यांच्याच मोटारी एकदम चालतील, आणि इथेच काळजी घ्यावी लागेल. प्रत्येकाने ऑटोस्विच लावून ठेवला, तर लाइट येताक्षणी सर्व मोटारी एकाच वेळी उचलतात, तो भार डीपीला झेपत नाही आणि ऐन हंगामात डीपी जळून सगळ्यांचेच पाणी थांबते. यासाठी ऑटोस्विच काढून टाकावा व मोटारीला योग्य कपॅसिटर (तारांवरचा व डीपीवरचा भार हलका करणारे उपकरण) बसवावा. 5 एचपीला 2 आणि साडेसात एचपीला 3 केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) पुरेसा होतो. कपॅसिटर जुना असल्यास तो फुगला आहे का, हे स्टार्टरची पेटी उघडून मेकॅनिककडून पाहून घ्यावे, कारण फुगलेला कपॅसिटर नुसता लटकत असतो, काम करत नाही.

आपली वाहिनी या योजनेत आहे की नाही, हे बिलावरील ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावे. वीजजोडणीच नसलेल्यांनी मात्र वाहिनीची वाट पाहत बसू नये. त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना असून तिचा अर्ज भरून देण्यास दुकानात मदत केली जाते.