पेशी वाढल्या म्हणजे लोड उतरला असं नाही

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या बाकड्यावर शेजारच्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेशी किती?" आठशे सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग काय, बरा झालास की!" एचआयव्हीच्या समुपदेशनात इतकी वर्षं काढली, तरी हे वाक्य ऐकलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. कारण त्यानंतर काही महिन्यांनी कुणाची तरी गोळ्यांची डबी वेळेवर संपायची थांबते.

पेशी म्हणजे सीडी-फोर, शरीराला आजारांपासून वाचवणाऱ्या, एचआयव्ही ज्यांच्यावर घाला घालतो त्या. निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५००. २०० च्या खाली गेल्या की टीबी, न्यूमोनिया यांना दार उघडं. लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा. एक चढा हवा, दुसरा उतरता. रिपोर्टवर 'वीसपेक्षा कमी' आहे की 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', यावरून डोकं शिणवू नका, दोन्ही उत्तमच. आणि सीबीसीतल्या, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतल्या पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट यात कृपा करून मिसळू नका. पपईच्या पानांचा रस पिऊन सीडी-फोर वाढत नाही.

खरा घोळ पुढे आहे. पेशी शरीराची अवस्था सांगतात. गोळी लागू पडतेय का, रोज पोटात जातेय का, हे लोड सांगतो. दोन्ही आकडे एकाच माणसाचे असले तरी ते वेगवेगळ्या वेगाने हलतात.

कोल्हापूरकराला हे पुराच्या भाषेत लगेच समजतं. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. नदीकाठच्या रानातला ऊस हिरवागार उभा आहे, मग पाणी चढलेलं नसणार, असं कुणी म्हणेल का? ऊस चार दिवस पाण्यात उभा दिसतो, कुजल्याचं नंतर कळतं. लोड ही बंधाऱ्याची पातळी आणि पेशी म्हणजे रानातला ऊस. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. पेशी मात्र काही काळ चांगल्याच दिसू शकतात. शिवाय ताप, सर्दी, रक्त कोणत्या वेळी काढलं, यानेही पेशींचा आकडा पन्नास-शंभराने इकडेतिकडे होतो. मागच्यापेक्षा साठ कमी आल्या म्हणून रात्रभर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या रडण्याचं काही कारण नव्हतं.

करवीर तालुक्यातल्या एका काकांचं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. दोन म्हशी, थोडा ऊस, गोळ्या सात वर्षांपासून. लोड आला २२,४००. काका मानायलाच तयार नाहीत. "मॅडम, पेशी सातशे चाळीस हायत माझ्या. लोड कसा वाढंल? मशीन चुकलं असणार." पेशी पुन्हा तपासल्या, ६९० आल्या. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते आणि मशीनही चुकलं नव्हतं. ऊस उभा होता आणि पाणी चढत होतं.

असं का वाटतं, यालाही कारण आहे आणि त्यात रुग्णांचा दोष नाही. १ एप्रिल २००४ ला सरकारी केंद्रांतून मोफत गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्या मिळायच्या की नाही हे मुख्यतः पेशींवर ठरायचं. आधी २०० च्या खाली, पुढे ती मर्यादा ३५० आणि मग ५०० झाली. पेशी जास्त म्हणजे गोळी नको, हे आम्हीच लोकांच्या मनावर ठसवलं. २०१७ पासून निदान झालं की पेशी कितीही असोत, गोळी सुरू होते. वर्षाला लोड तपासायची पद्धत त्यानंतर रुळली. नियम बदलला, पण बाकड्यावरचा प्रश्न तोच राहिला.

'पेशी वाढल्या की गोळ्या थांबवायच्या' हा विचार अडाणीपणाचा नव्हता. जगभरच्या डॉक्टरांनाही तो पटण्यासारखा वाटला होता, आणि म्हणूनच त्याची चाचणी झाली. 'स्मार्ट' नावाच्या त्या अभ्यासात ५,४७२ माणसं होती. निम्म्यांच्या गोळ्या अखंड चालू ठेवल्या. उरलेल्यांच्या गोळ्या पेशी ३५० च्या वर असताना थांबवायच्या आणि २५० च्या खाली गेल्या की पुन्हा सुरू करायच्या, असं ठरलं. थांबवणाऱ्यांमध्ये आजारपण आणि मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला. २००६ च्या जानेवारीत नवीन माणसं घेणं बंद करावं लागलं. पेशी गोळ्यांमुळेच वाढतात. वाढलेला आकडा दाखवून गोळी सोडणं म्हणजे पीक जोमात आलंय म्हणून पाणी तोडणं.

उलटा प्रकारही तेवढाच छळतो. लोड दाबलेला, पण पेशी १८० वर अडकलेल्या. उशिरा निदान झालेल्यांत हे होतं. अशी माणसं गोळी निकामी झाली असं समजून डॉक्टर बदलतात, टॉनिकवर हजारो रुपये घालवतात. गोळी तिचं काम चोख करतेय. शरीराला भरून यायला वर्षं लागतात, कुणाचं पूर्ण भरून येतही नाही. इथे पेशींचा आकडा खरा उपयोगी पडतो, कारण त्यावरून इतर जंतुसंसर्ग टाळणारी सेप्ट्रानची गोळी चालू ठेवायची का आणि टीबीवर किती बारीक लक्ष ठेवायचं हे ठरतं.

लोड १,००० च्या वर गेला म्हणजे माणूस लबाड, असं समजणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. कधी विषाणूच औषधाला दाद देईनासा झालेला असतो. कधी कारण अगदी साधं निघतं. एचआयव्हीवरची डोलुटेग्राव्हिरची गोळी असेल आणि सोबत ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं, तर गोळी अंगी लागत नाही. गोळी त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायची. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर. फक्त पोटभर जेवणासोबत घेतल्या तर त्या एकत्र चालतात. "नियमित घेताय ना?" असं मी कधीच विचारत नाही, त्याचं उत्तर 'होय' एवढंच येतं. "गेल्या महिन्यात किती वेळा राहिली?" असं विचारलं की माणूस बोटं मोजायला लागतो.

काकांनी मोजली. अकरा. गावची म्हाई होती, लेकी-जावई आठवडाभर घरात, आणि डबी खुळखुळली तर जावई विचारतील म्हणून ती माळ्यावर गेली. पाहुणे गेल्यावरही चार दिवस ती उतरली नाही. त्याआधीच्या महिन्यांतही असंच थोडंथोडं राहत आलेलं.

आम्ही काकांना रागावलो नाही. गोळीची वेळ बदलली. रात्री नऊ ही वेळ माणसांनी भरलेल्या घरातली. सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर काका एकटेच मागच्या दारी किटली धुतात. गोळी तिथे आली. डबीत वर कापूस भरला, आतली ओलावा शोषणारी पुडी मात्र तशीच ठेवायला सांगितली. राहिलीच तर आठवल्यावर घ्यायची, पुढची गोळी चार तासांवर आली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही. जुलै-ऑगस्टला पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या हाताशी हव्यात, कारण २०१९ ला रस्ते किती दिवस बंद होते ते सगळ्यांना आठवतं. आणि परगावी अडकलात तर उपचाराच्या नोंदीचं हिरवं पुस्तक दाखवून जवळच्या एआरटी सेंटरवर तात्पुरत्या गोळ्या मागता येतात.

तीन महिन्यांनी लोड पुन्हा तपासायला काका आले तेव्हा हिरव्या पुस्तकासोबत दूध संस्थेचं कार्ड घेऊन आले होते. रोजच्या लिटरच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका. दहा दिवसांच्या बिलात दहा ठिपके. एका पानावर नऊच होते. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून काका म्हणाले, "ह्या दिवशी म्हस व्याली, मॅडम."