अहवालातील ‘जीनोटाइप ३’ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे
(हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे विषाणूंमुळे येणारी यकृताची सूज, यांची तपासणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी आमच्या प्रयोगशाळेचे माहितीपत्रक)

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ नागपूरहून आलेला हिपॅटायटिस सीचा अहवाल घेऊन आमच्या खिडकीशी बराच वेळ उभे होते, आणि शेवटी त्यांनी विचारले, “भाऊ, हे तीन म्हनजे तिसरी स्टेज काय?” त्यांच्या अहवालात ‘जीनोटाइप ३’ असे छापलेले होते. हाच प्रश्न या ना त्या शब्दांत आम्हाला वारंवार विचारला जातो, म्हणून हे पत्रक काढले आहे.

जीनोटाइप म्हणजे विषाणूचा वाण. तुरीचे वाण अनेक असले तरी पीक तूरच असते. त्याचप्रमाणे हिपॅटायटिस सीचे आठ जीनोटाइप आहेत आणि ते ओळखण्यापुरते त्यांना १ ते ८ असे आकडे दिलेले आहेत. आठवा प्रकार २०१८ साली, कॅनडात राहणाऱ्या पण मूळच्या पंजाबमधील रुग्णांत आढळला. आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असा त्याचा अर्थ होत नाही. भारतात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो आणि त्याच्या खालोखाल प्रकार १. यकृताचे किती नुकसान झाले आहे, हे या आकड्यावरून कळत नाही; त्यासाठी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), सोनोग्राफी आणि रक्ताच्या इतर तपासण्या असतात. मात्र प्रकार ३ मध्ये यकृतात चरबी साठण्याचे आणि यकृत लवकर कडक होण्याचे प्रमाण अधिक असते, हे खरे आहे. त्यामुळे या रुग्णांनी दारू पूर्ण बंद ठेवावी आणि तपासणीचा खाडा करू नये.

एकाच विषाणूचे इतके वाण होण्याचे कारण त्याच्या नक्कल करण्याच्या पद्धतीत आहे. सी विषाणूची जनुकीय माहिती सुमारे ९,६०० अक्षरांची असते. शरीरात रोज त्याच्या अब्जावधी प्रती तयार होतात, आणि त्या तयार करणाऱ्या विकराकडे (एन्झाइमकडे) आपण लिहिलेले पुन्हा तपासून पाहण्याची सोय नसते. झालेली चूक तशीच पुढे जाते, त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तातही एकमेकांपेक्षा किंचित वेगळ्या विषाणूंचा घोळका सापडतो. दोन जीनोटाइपमध्ये तर सुमारे ३० टक्के अक्षरे वेगळी असतात. सीवर अजून लस निघालेली नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, तेही याच कारणाने. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागते, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी व सीची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी.

पूर्वी इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात जीनोटाइप कळल्याशिवाय उपचाराचा काळच ठरत नसे. प्रकार १ ला साधारण ४८ आठवडे, तर प्रकार २ आणि ३ ला २४ आठवडे लागत. आता सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा वेलपाटास्व्हिर अशा गोळ्या मिळतात, त्या सर्व प्रकारांवर चालतात आणि बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांत बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हा उपचार मोफत असून त्यासाठी जीनोटाइपची सक्ती नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याने स्वतःहून या चाचणीवर पैसे घालू नयेत. गोळ्या पूर्ण घेऊनही विषाणू राहिला, किंवा यकृत आधीच कडक झाले आहे, अशा वेळी डॉक्टर ती लिहून देतात आणि तेव्हा ती उपयोगी पडते. (हे सांगण्यात आमचे थोडे नुकसान आहे, ते असू द्यावे.)

हिपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी आहे. त्याचे प्रकार ए ते जे अशा अक्षरांनी ओळखले जातात आणि आपल्याकडे मुख्यतः डी आणि ए आढळतात. येथे प्रकारापेक्षा विषाणूत झालेला एखादा लहान बदलच अधिक महत्त्वाचा ठरतो. उदाहरणार्थ, केवळ एका अक्षराच्या बदलामुळे विषाणू ‘ई’ अँटिजेन हे आपले एक प्रथिन बनवणे थांबवतो. मग त्या अँटिजेनच्या चाचणीचा (एचबीईएजी) अहवाल निगेटिव्ह येतो, पण विषाणूची वाढ चालूच राहते. डी प्रकारात हे बऱ्याचदा घडते. म्हणून हा एक अहवाल निगेटिव्ह आला एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये, डीएनए व्हायरल लोडही (रक्तातील विषाणूचे प्रमाण) पाहावा.

विषाणू औषधाला दाद देईनासा कसा होतो, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला फार समजावून सांगण्याची गरज नाही, कारण बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी त्याने स्वतःच्या शेतात पाहिलेली आहे. मारा झाला तरी जे थोडे तगतात, त्यांचीच पुढे पैदास होते. लॅमिव्हुडिन ही एकच गोळी पाच वर्षे घेणाऱ्या सुमारे ७० टक्के रुग्णांत बी विषाणू तिला दाद देईनासा होतो. टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर यांच्या बाबतीत, आधी दुसरे औषध घेतलेले नसेल तर, असे क्वचितच घडते. गोळी मनाने बंद केल्यास आजार एकदम उसळू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नये.

पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा ए किंवा ई विषाणूची असते आणि तिच्यात जीनोटाइप पाहण्याची गरज पडत नाही. ती बहुतेकांत आपोआप उतरते आणि श्रेय गळ्यातल्या माळेला मिळते. गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास मात्र ई विषाणू जिवावर बेतू शकतो, म्हणून तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

व्हायरल लोड आणि जीनोटाइपसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतले जाते. आम्ही काही तासांच्या आत त्यातील प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) वेगळा करतो आणि बर्फाच्या पेटीतून नागपूरला पाठवतो, कारण मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात सी विषाणूचा आरएनए (त्याची जनुकीय माहिती असलेला रेणू) टिकत नाही आणि अहवाल खोटा कमी येऊ शकतो. रक्तात विषाणू फारच थोडा असेल तर जीनोटाइप निघतच नाही, म्हणून व्हायरल लोड आधी करावा. नमुना देण्यास सकाळी, नागपूरची गाडी सुटण्यापूर्वी यावे आणि जुने अहवाल तसेच आजवर घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून आणाव्यात. पूर्वी कोणते औषध झाले हे नावानिशी कळले तर अहवालाचा अर्थ लावणे डॉक्टरांना सोपे जाते.