सर्व्हर नवा, पातळी जुनी

जुना डबा भंगारात गेला, नवं मशीन आलं, त्यावर विंडोज सर्व्हर २०२२ चढलं. सगळं सुरळीत चालू झाल्यावर सहज म्हणून डोमेनची, म्हणजे ऑफिसच्या युजर आणि कॉम्प्युटरांच्या एकत्र गटाची, पातळी बघितली, तर उत्तर आलं: २००८. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. सर्व्हरची आवृत्ती वेगळी आणि डिरेक्टरीची पातळी वेगळी. ही पातळी, म्हणजे फंक्शनल लेव्हल, कुणी मुद्दाम उचलल्याशिवाय वर जात नाही.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही ऑफिसची नोंदवही. कोण युजर, कुठल्या ग्रुपमध्ये, कुणाला कुठला अधिकार, हे सगळं तिच्यात. विंडोज एनटीच्या काळात या वहीची एकच अस्सल प्रत असायची, बाकीच्या नुसत्या नकला. २००० साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि ही वही सांभाळणाऱ्या कुठल्याही सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर (डीसी), नोंद करता येऊ लागली. ती नोंद मग रेप्लिकेशनने बाकीच्यांकडे पोचते. सोय मोठी, पण अट एक: सगळ्या डीसींना एकमेकांची लिपी वाचता आली पाहिजे. पातळी म्हणजे हाच करार. जोडीतला एक बैल कितीही दमदार असला, तरी गाडी दुसऱ्याच्या चालीनंच जाते.

या करारानं काय फरक पडतो? सुरुवातीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ग्रुपच्या सभासदांची यादी एकगठ्ठा पाठवली जायची. समजा, पुण्याच्या ॲडमिननं ‘अकाउंट्स’ ग्रुपमध्ये एक नाव घातलं आणि त्याच सुमारास नागपूरच्या ॲडमिननं आपल्या डीसीवर दुसरं. दोन्ही याद्या भेटल्या की त्यातली एकच टिकायची, दुसरीतलं नाव गुपचूप गायब. शिवाय एका ग्रुपमध्ये ५००० पेक्षा जास्त सभासद ठेवू नयेत, असा दंडक होता. फॉरेस्टची, म्हणजे सगळ्या डोमेनांच्या मिळून समूहाची, पातळी २००३ केली की प्रत्येक सभासदाची नोंद सुटी जाऊ लागते आणि दोन्ही नावं शाबूत राहतात. मात्र सगळे डीसी नवे असूनही पातळी जुनीच ठेवली, तर जुना घोळ तसाच चालू.

चुकून उडवलेला युजर त्याच्या ग्रुपांसकट परत आणणारा रीसायकल बिनही असाच. त्याला फॉरेस्ट २००८ आर२ वर लागतं. वर तो वेगळा चालू करावा लागतो, हे बरेच जण विसरतात आणि नको ते डिलीट झाल्यावरच त्यांना आठवतं.

तपासणं सोपं आहे. ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स’ उघडा, डोमेनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. डोमेन आणि फॉरेस्ट दोन्हींच्या पातळ्या तिथं दिसतात. पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम देण्याची, सवय असेल तर ‘गेट-एडीडोमेन’ चालवून ‘डोमेनमोड’ वाचा आणि ‘गेट-एडीफॉरेस्ट’ चालवून ‘फॉरेस्टमोड’. आत मात्र हे सगळे नुसते आकडे असतात: २००३ म्हणजे २, २००८ म्हणजे ३, २०१६ म्हणजे ७. सर्व्हर २०१९ आणि २०२२ नं नवी पातळी आणलीच नाही. सर्व्हर २०२५ नं आणली, तिचा आकडा थेट १०.

पातळी वाढवली तर जुने पीसी बंद पडतील, ही भीती अनेकांना असते. करार फक्त डीसींमधला आहे; पीसी आणि फाइल सर्व्हरला तो लागू नाही. खरी जपायची जागा वेगळी. २००३ वरून २००८ वर जाताना केर्बेरॉसच्या, म्हणजे लॉगिनच्या वेळी ओळख पटवणाऱ्या पद्धतीच्या, मुख्य खात्याचा, म्हणजे ‘केआरबीटीजीटी’चा पासवर्ड बदलतो. हा बदल सगळ्या डीसींपर्यंत पोचेपर्यंत लॉगिनच्या तक्रारी येऊ शकतात. म्हणून रेप्लिकेशन धड चाललंय का ते आधी बघावं आणि बॅकअप घ्यावा, कारण पातळी खाली आणणं फार थोड्या बाबतींत जमतं.

सगळं बघून झालं, बटण दाबलं, तरी कधीकधी नकार येतो: कुठलातरी डीसी अजून जुन्या आवृत्तीवर आहे. ऑफिसभर शोधूनही तो सापडत नाही, कारण तो कधीच भंगारात गेलेला असतो. जाताना त्याला रीतसर डीसीपदावरून उतरवलेलं नसतं, त्यामुळे डिरेक्टरीत त्याची नोंद अजून जिवंत असते. ती साफ केली की पातळी मुकाट्यानं वर जाते.